फुटी की क्रिकेट? बारावीचं कॅलेंडर समोर ठेवून

मेलबर्नमध्ये पंधराव्या वर्षापर्यंत हा प्रश्नच पडत नाही. हिवाळ्यात फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट, आणि गाडीच्या डिकीत बारा महिने कुणाचे तरी चिखलाचे बूट. प्रश्न पडतो तो टॅलेंट लीगच्या (१८ वर्षांखालच्या निवडक फुटीपटूंच्या लीगच्या) प्रादेशिक संघाचं निवडीचं ईमेल आलं की. टार्नीट-पॉइंट कूककडे राहत असाल तर वेस्टर्न जेट्स, आग्नेयेकडे असाल तर डँडेनाँग स्टिंगरेज. व्हिक्टोरियात असे १२ संघ आहेत. प्रीसीझन, म्हणजे मोसमाआधीचा सराव, नोव्हेंबरात सुरू, आठवड्यात तीन संध्याकाळी. नेमक्या त्याच महिन्यांत क्रिकेटच्या नेट्स आणि सामने. इथून पुढे दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही.

खाली लिहिलंय ते अशा घरासाठी, जिथे मुलाला दोन्ही खेळ बऱ्यापैकी येतात, दोन्हीकडून बोलावणं आहे आणि आई-बाबांना दोन्ही खेळांचे नियम ठाऊक आहेत. आमच्या घरी हा निर्णय झालेला आहे. कुठल्या बाजूने, ते वाचता वाचता कळेलच. पण आधीच सांगतो, खेळ म्हणून मला फुटी जास्त आवडते.

पैशांच्या आणि नोकऱ्यांच्या हिशोबात फुटी सरळ पुढे आहे. एएफएलमध्ये, म्हणजे फुटीच्या राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये, १८ क्लब, प्रत्येकाच्या यादीत चाळिशीच्या वर खेळाडू. म्हणजे देशात साडेसातशे-आठशे पूर्णवेळ जागा. २०२८मध्ये टास्मानियाचा संघ आला की त्यात भर पडेल. क्रिकेटमध्ये राज्यं ६, प्रत्येकाकडे करार जेमतेम वीसेक. बिग बॅशचे ८ संघ आहेत, पण त्यांतली बरीचशी नावं तीच. शिवाय १८ वर्षांच्या फुटीपटूला पहिल्याच वर्षी लाखाच्या आसपास डॉलर मिळतात, सामन्यांचे वेगळे. २०२३च्या करारानुसार पुरुष खेळाडूंची सरासरी २०२७पर्यंत ५ लाख १९ हजारांवर जायची आहे. (सरासरी फसवी असते. वरच्या मोजक्यांना दहा लाखांच्या पुढे मिळतात, खालच्यांना त्याचा दहावा हिस्सा.) क्रिकेटमध्ये अठराव्या वर्षी मिळतो फार तर रूकी (नवख्याचा) करार, आणि बाकीचे अनेकजण प्रीमिअर क्रिकेटच्या (राज्यातल्या सर्वांत वरच्या क्लब स्पर्धेच्या) शनिवारच्या सामन्यांसाठी सोमवार ते शुक्रवार दुसरीकडे नोकरी करत असतात.

खर्चाचंही तसंच. फुटीला बूट आणि दातांच्या डॉक्टरकडून बनवून घेतलेला माउथगार्ड पुरतो. शेरिन कंपनीचा चेंडू क्लबकडे असतोच. क्रिकेटला दर दोन वर्षांनी नवी बॅट, पॅड, हेल्मेट आणि वर खासगी कोचिंग. ते कोचिंग सक्तीचं नाही असं सगळे म्हणतात आणि सगळेच घेतात.

निवडीचा उघडेपणा हाही फुटीचा मोठा गुण. एएफएलचे क्लब नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो ड्राफ्ट, आणि त्याआधीची शारीरिक चाचणी म्हणजे कम्बाइन. कम्बाइनमध्ये २० मीटर धाव तीन सेकंदांच्या आत आहे की नाही, दोन किलोमीटर साडेसहा मिनिटांच्या आत होतात की नाही, जागेवरून उडी किती, हे आकडे सगळ्यांसमोर असतात. प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण असतं. क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालच्या मुलाने वाईट खेळपट्टीवर काढलेल्या ३५ धावा आणि चांगल्या खेळपट्टीवरच्या ७० यांत निवडणाऱ्याला काय दिसलं, हे कुणालाच कळत नाही. आपल्या आडनावाच्या मुलांना याचा त्रास होतो का, हा वादाचा विषय आहे. मी एवढंच म्हणेन की आकडा आडनाव विचारत नाही.

उंचीची भीती मात्र काढून टाका. रकमनला (उसळलेला चेंडू उडी मारून सोबत्याकडे टोलवणाऱ्याला) दोन मीटरच्या वर लागतात हे खरं, पण केलब डॅनियल १६८ सेंटिमीटरचा. २०१४च्या ड्राफ्टमध्ये ४६व्या क्रमांकावर उचलला गेला, २०१६मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जबरोबर विजेता झाला, २०२०मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांच्या, संघात आला. कारण त्याची लाथ: तीस-चाळीस मीटरवरून चेंडू सोबत्याच्या छातीवर. बुटक्या मुलाने उंच उडी शिकण्यात वर्षं घालवू नयेत. दोन्ही पायांनी कमी उंचीचा, फिरत जाणारा सरळ पास पक्का करावा. सतराव्या वर्षीही डाव्या पायाला चेंडू नीट लागत नसेल, तर निवडणारे पहिल्या पाच मिनिटांत वहीत तेच लिहितात.

शरीराची मोडतोड दोन्हीकडे आहे, फक्त जागा वेगळ्या. वेगवान गोलंदाजाची पाठ जाते: पॅट कमिन्स १८व्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, २०११मध्ये, आणि दुसरी खेळायला थेट २०१७ची रांची उजाडली. वाढत्या वयात आठवड्याला किती चेंडू टाकायचे याची मर्यादा क्लब देतात. शाळा, क्लब आणि जिल्हा अशा तिन्ही ठिकाणचे चेंडू एकत्र मोजायचे असतात आणि ते मोजायचं काम घरच्यांचंच असतं. फुटीत गुडघा जातो. सिडनीचा ॲलेक्स जॉन्सन २०१२चा विजेता. मग गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया, २०१८मध्ये परतला आणि दुसऱ्याच सामन्यात पुन्हा गुडघा गेला.

पण आई-बाबांची झोप उडवतं ते डोकं. २०१४च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा पॅडी मॅकार्टिन डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे २०२३मध्ये थांबला. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ, २०२१चा विजेता, २०२४च्या फेब्रुवारीत २८व्या वर्षी थांबला. डॅनियल घालतो तसलं मऊ हेल्मेट कपाळावरची खोक वाचवतं. मेंदूचं हलणं ते थांबवत नाही, त्यामुळे ‘हेल्मेट घालतो ना’ या वाक्यावर विसंबू नका. स्थानिक पातळीवर २०२४पासून धक्का बसल्यावर किमान २१ दिवस सामना नाही. एएफएलमध्ये मैदानावर परतता येतं ते लवकरात लवकर बाराव्या दिवशी. नियम आधीपेक्षा कडक झालेत, प्रशिक्षकही आता लपवाछपवी कमी करतात. तरी क्रिकेटच्या मानाने हा धोका मोठा आहे, आणि यात मतभेदाला फारशी जागा नाही.

एवढं असूनही, डोक्याच्या भीतीने नकार देणारी घरं मला कमी दिसतात. मुलगा दहा वर्षं खेळलेला असतो, घरच्यांनी ती भीती कधीच गिळलेली असते. माझं पारडं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ती क्लबच्या माहितीपत्रकात नसते आणि बैठकीत कुणी विचारलं तर हसून ‘होईल सगळं’ असं उत्तर मिळतं.

ड्राफ्टसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हावी लागतात. व्हिक्टोरियात बहुतेक मुलं बारावीच्याच वर्षी १८ची होतात. म्हणजे आयुष्यात एकदा येणारी व्हीसीई (व्हिक्टोरियातली बारावी) आणि बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच खरी येणारी ड्राफ्टची संधी, दोन्ही एकाच वर्षात. आणि नुसत्या एका वर्षात नाहीत, एकमेकींच्या उरावर बसलेल्या.

ते वर्ष असं जातं. नोव्हेंबर ते मार्च टॅलेंट लीगची प्रीसीझन. फेब्रुवारीपासून शाळेत युनिट ३ (युनिट ३ आणि ४ म्हणजे विषयाचा गुण धरला जाणारा शेवटचा वर्षभराचा भाग), आणि सॅक, म्हणजे शाळेतच होणाऱ्या गुणांच्या चाचण्या, सुरू. शाळा खासगी असेल तर शनिवारी शाळेसाठी खेळणं सक्तीचं, मग काही आठवडे टॅलेंट लीगला रजा आणि परत. जून-जुलैमध्ये १८ वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा: व्हिक मेट्रो किंवा व्हिक कंट्रीत (राज्याच्या शहरी किंवा ग्रामीण संघात) निवड झाली तर विमानाने दुसऱ्या राज्यात सामने, आणि त्याच सुमारास गॅट, म्हणजे व्हीसीईच्या मुलांची सामान्य क्षमता परीक्षा. ऑगस्ट-सप्टेंबरात युनिट ४चे शेवटचे सॅक, म्हणजे बाद फेरीचे आठवडे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कम्बाइन. ऑक्टोबरच्या अखेरीस इंग्रजीचा पेपर, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बाकीचे. त्यानंतर थोड्याच दिवसांत ड्राफ्टची रात्र. अटार, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाचा क्रमांक, लागतो डिसेंबरच्या मध्यात. तोवर निवड झालेला मुलगा कुठल्या तरी क्लबच्या मैदानावर पळत असतो, कदाचित पर्थमध्ये, आणि मार्क फोनवर बघतो.

‘सामने तर सप्टेंबरात संपतात, पेपर ऑक्टोबरअखेर, मग अडचण काय?’ हे मला हमखास ऐकवलं जातं. अडचण पेपरच्या दिवसांची नाहीच. व्हीसीईच्या गुणांतला मोठा हिस्सा वर्षभरातल्या सॅकमधून येतो, आणि सॅक आहे म्हणून कुठलाही सामना पुढे ढकलला जात नाही. बुधवारी रात्री साडेआठला मैदानावरून घरी आलेला मुलगा, जेवण, बर्फ, आंघोळ, की वाजले दहा. गुरुवारी पहिल्या तासाला मेथड्सचा (गणिताचा) सॅक. असं एकदा चालतं. ते वीस आठवडे चालतं, तेव्हा सॅकगणिक दोन-चार गुण गळतात आणि कुणाला दिसतसुद्धा नाहीत. त्यात डोक्याला धक्का बसला तर २१ दिवस सामना नाही एवढ्यावर भागत नाही. पहिले काही दिवस वाचन आणि स्क्रीनही कमी करायला सांगतात. फुटीतली रजा क्लब देतो, सॅकची मुदत शाळेकडे मागावी लागते, आणि ती मागायला त्याच दिवशीचं डॉक्टरांचं पत्र लागतं. सोमवारी जाऊन शनिवारचं पत्र मागितलं की घोळ होतो. धक्का ऐन पेपरच्या सुमारास बसला तर डिराइव्ड एक्झाम स्कोअरसाठी (पेपरऐवजी काढलेल्या अंदाजित गुणांसाठी) अर्ज करता येतो, पण त्यालाही कागद वेळेवर हवेत.

दुसरा भाग मनाचा. सप्टेंबरनंतर क्लबांचे लोक भेटायला घरी येतात, मुलाखती होतात, मानसशास्त्राच्या प्रश्नावल्या येतात, एजंटचे फोन येतात. राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये नावं पुकारली जातात साठ-सत्तरच्या आसपास. भेटायला आलेले सगळे क्लब उचलत नाहीत, आणि काही वेळा उचलतो तो कधी घरी न आलेला क्लब. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हे डोक्यात ठेवून ऑक्टोबरात केमिस्ट्री करतो. काहींना जमतं. माझ्या पाहण्यात ज्यांना जमलं, त्यांच्या घरी अकरावीतच दोन युनिट ३-४ विषय उरकलेले होते.

हाच तोडगा मी सुचवेन, फुटीच निवडणार असाल तर. दहावीच्या मध्यावर शाळेत विषय ठरतात. तेव्हाच अकरावीत एक नव्हे, दोन ३-४ विषय मागा. शाळा कुरकुर करते, कारण साधारण एकच देतात. व्हीसीई तीन वर्षांत वाटूनही करता येते, हे शाळा आपणहून सांगत नाही. काही विद्यापीठं उच्च पातळीवरच्या खेळाडूंना प्रवेशात सवलत देतात. त्यासाठी संघाचं पत्र त्याच वर्षी घेऊन ठेवा, ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तर तेच कामाला येतं. आणि एएफएलमध्ये गेल्यावर शिक्षण थांबतंच असं नाही. आठवड्यात एक मोकळा दिवस असतो, खेळाडू संघटनेकडून शिक्षणाला मदत मिळते, बरेचजण दोन-दोन विषय घेत पदवी करतात. तीन वर्षांच्या पदवीला सहा-सात वर्षं लागतात, एवढंच.

आता क्रिकेटचं तेच वर्ष. मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. बारावीतला मुलगा पहिले चार-पाच सामने बसतो, क्लबचा कर्णधार ‘पेपर झाले की ये’ म्हणतो, आणि डिसेंबरात मुलगा परत उभा राहतो. राज्याच्या वयोगटांच्या स्पर्धा बहुधा सुट्टीच्या महिन्यांत असतात. हिवाळ्यात, म्हणजे सॅकच्या मुख्य काळात, आठवड्यात एक-दोन इनडोअर नेट्स. मला निर्णायक वाटतं ते हे, की अठराव्या वर्षी क्रिकेटचं कुठलंच दार बंद होत नाही. माइक हसी १५ हजारांहून जास्त प्रथमश्रेणी धावा करून ३०व्या वर्षी पहिली कसोटी खेळला. ॲडम व्होजेस ३५व्या वर्षी, आणि पहिल्याच कसोटीत नाबाद १३०. २३व्या वर्षी पदवी हातात घेऊन प्रीमिअर क्रिकेटमध्ये हजार धावांचा मोसम काढणाऱ्याला कुणी ‘तू उशीर केलास’ म्हणत नाही.

फुटीतही मागचं दार आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मार्लिअन पिकेटला रिचमंडने २०१९च्या मोसमाच्या मध्यावरच्या ड्राफ्टमध्ये साउथ फ्रिमँटलमधून उचललं. २७व्या वर्षी त्याचा पहिला सामनाच अंतिम सामना होता, आणि रिचमंड जिंकलं. टिम केली २३व्या वर्षी जिलाँगला गेला. पण ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, याचाच अर्थ ती मोजकी आहेत. ॲलेक्स कीथ तर उलट वाटेने आला: अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर फुटी नाकारून क्रिकेट घेतलं, व्हिक्टोरियाकडून प्रथमश्रेणी खेळला, बॅट फार चालली नाही, २०१५अखेर ॲडलेडच्या यादीत आला आणि २०१७पासून एएफएलमध्ये बचावपटू म्हणून उभा राहिला. तीन वर्षं फुटी न खेळलेल्याला ड्राफ्टशिवाय घेता येईल अशी एक तरतूद आहे. ती कीथसारख्या १९६ सेंटिमीटरच्या खेळाडूच्या कामी येते. १७८ सेंटिमीटरच्या मिडफिल्डरने तिच्यावर बेत आखू नये.

गावाचा मुद्दाही ड्राफ्टचाच. १८पैकी ८ क्लब व्हिक्टोरियाबाहेर आहेत, आणि कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. गेल्या मोसमात तळाला राहिलेला क्लब आधी निवडतो. नाव पुकारल्यावर काही दिवसांत बॅग भरायची, आणि राहायचं होस्ट फॅमिलीकडे. करार दोन वर्षांचा, वरच्या क्रमांकांना तीन. हव्या त्या क्लबमध्ये जायची मोकळीक सहज मिळत नाही, फ्री एजन्सी यायला एका क्लबमध्ये आठ वर्षं काढावी लागतात. तेवढं टिकणारे कमीच. क्रिकेटपटूही करारासाठी होबार्टला जातात, नाही असं नाही. पण ते तेविसाव्या वर्षी, स्वतः ठरवून.

आणि फुटी ऑस्ट्रेलियाबाहेर विकली जात नाही. चोविसाव्या वर्षी यादीतून नाव गेलं, तर उरतं ते राज्य लीग किंवा गावाकडचा क्लब, शनिवारी सामन्याचे पैसे आणि बाकी दिवस नोकरी. लाथ असामान्य असेल तर अमेरिकन फुटबॉलमध्ये पंटर म्हणून जागा असते. मायकल डिक्सन तसाच सिॲटलला गेला. क्रिकेटपटूला त्याच वयात इंग्लंडमधला क्लब उन्हाळाभर राहायची सोय आणि थोडे पैसे देतो.

मुलगी असेल तर हा सगळा हिशोब बदलतो. एएफएलडब्ल्यूचा (महिलांच्या एएफएलचा) मोसम ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि ड्राफ्ट डिसेंबरात, पेपरांच्या बऱ्याच नंतर. पगार मात्र पुरुषांच्या जवळपासही नाहीत, आणि सध्या तरी क्रिकेट मुलींना चांगलं देतं. पुण्यात जन्मलेली लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाकडून एकदिवसीय सामन्यांत १००० धावा आणि १०० बळी घेणारी पहिली बाई ठरली, त्यामुळे घरच्या मंडळींना पटवायलाही ते सोपं.

तर मुलगा दहावीत असेल, मे ते डिसेंबरमधल्या जन्माचा असेल आणि घरी बारावीच्या गुणांना किंमत असेल, तर मी क्रिकेटकडे झुकेन, आणि फुटी स्थानिक क्लबमध्ये शनिवारपुरती ठेवेन. टॅलेंट लीगला नाही म्हणायला जीवावर येतं, हे मान्य.

एक अपवाद आहे आणि तो आपल्या लोकांत बराच सापडतो. व्हिक्टोरियात ३० एप्रिलपर्यंत पाच वर्षांचं होणारं मूल त्याच वर्षी शाळेत घालता येतं. इथले बरेच पालक जानेवारी-एप्रिलमधल्या मुलाला एक वर्ष थांबवतात. आपण ‘वर्ष कशाला वाया घालवायचं’ म्हणून लगेच घालतो. अशा मुलाची बारावी सतराव्या वर्षी होते आणि ड्राफ्टचं वर्ष त्याच्या पुढचं. फेब्रुवारी २०१०चा मुलगा २०१५मध्ये प्रेपला (पहिलीआधीच्या वर्गात) गेला असेल तर व्हीसीई २०२७मध्ये, ड्राफ्ट २०२८मध्ये. सॅक नाही, पेपर नाहीत, विद्यापीठाची जागा एक वर्ष पुढे ढकलता येते. अकरावी-बारावीत टॅलेंट लीगमध्ये जमेल तेवढंच खेळायचं, आणि अठराव्या वर्षी पूर्णवेळ. तुमच्या मुलाचा जन्मदाखला असा असेल, तर वरचं क्रिकेटचं सगळं विसरा आणि नोव्हेंबरातल्या पहिल्या प्रीसीझनला त्याला वेळेवर नेऊन सोडा. माउथगार्डचं माप आधीच घेऊन ठेवा, बनून यायला वेळ लागतो.